बाण ‘फायर’ करतात का हो?

सुईदोरा

नमस्कार मंडळी. एका शब्दावर अडले आहे.

मी डबिंगसाठी मराठी संवाद लिहिते. सध्या एक परदेशी साहसपट हातात आहे. नाव विचारू नका, लिहून दिलंय. प्रसंग नेहमीचाच. किल्ल्याचा तट, खाली शत्रूचा समुद्र, वर दोनेकशे धनुर्धारी धनुष्य पूर्ण ओढून उभे. सेनापती हात वर करून “होल्ड… होल्ड…” करत बसतो आणि मग ओरडतो, “फायर!” पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, “प्रत्यंचा चढवा! थांबा… थांबा… फायर!” आजकाल ‘फायर’ कोणाला कळत नाही?

माझ्या धाकट्या दिरांना पारंपरिक धनुष्याचा नाद आहे. गच्चीवर गवताच्या पेंढ्या रचून रोज संध्याकाळी तेच चालू असतं. त्यांनी खर्डा वाचला आणि म्हणाले, “वहिनी, तटावर बंदुका आहेत का?” मी म्हटलं नाहीत. “मग फायर कशाला करताय? आणि प्रत्यंचा आत्ता चढवतायत? शत्रू दारात येईपर्यंत काय झोपले होते?”

तर प्रश्न असा. मराठीत बाणाचं नक्की काय करतात? सोडतात, मारतात, चालवतात की हाणतात? आणि प्रत्यंचा चढवण्यात माझं काय चुकलं? जाणकारांनी सांगावं.

जुनं पान

ताई, दीर बरोबर बोलतात. ‘फायर’ हा दारूगोळ्याबरोबर आलेला हुकूम. तोफेच्या कानाला बत्ती लावायची, म्हणून आग. धनुष्यात पेटवायला काही नसतंच. इंग्रजी बोलणारे धनुष्यवालेही या शब्दावर दात-ओठ खातात. त्यांचा शब्द ‘लूज’, म्हणजे सरळ आपलं ‘सोडा’.

‘मारणे’ आणि ‘सोडणे’ यांत मला फरक जाणवतो. मारायला समोर कोणीतरी लागतं. ‘हरणाला बाण मारला’ म्हटलं की तो लागलाही असं वाटतं. ‘सोडला’ म्हटलं की फक्त दोरीपाशी काय झालं ते कळतं, पुढचं बाणाचं नशीब. हुकमाला म्हणून ‘सोडा’च बरा. ‘बाण चालवला’ हे हिंदी मालिकांतून आलेलं. चूक म्हणत नाही, पण मला खटकतं.

आता गंमत ऐका. मराठेशाहीच्या कागदांत ‘बाण’ भेटला तर तो धनुष्याचाच असेल असं धरू नका. पुष्कळदा तो दारू ठासलेला, काठी बांधलेला बाण असतो, ज्याला आज आपण अग्निबाण म्हणू. दिवाळीत बाटलीत उभा करून उडवतो तोही बाणच. त्याला बत्ती द्यावी लागते. म्हणजे अठराव्या शतकातला एखादा सरदार “बाणांना आग द्या” म्हणाला असता तर त्याचं काही चुकलं नसतं! पण तुमच्या तटावर ते बाण नाहीत.

उलटा प्रवासही आहे. संस्कृतात ‘चाप’ म्हणजे धनुष्य. मराठीत चाप कुठे सापडतो? बंदुकीला! आता हा चाप तोच की ‘चापणे’वरून आलेला, यावर स्वतंत्र धागा काढा, मी भांडायला येतो.

कोपऱ्यातली

‘प्रत्यंचा चढवणे’ म्हणजे उतरवून ठेवलेल्या धनुष्याला दोरी लावणे. धनुष्य नेहमी ताणलेलं ठेवलं तर त्याचा जोर जातो, म्हणून काम झालं की दोरी उतरवायची. बाण लावून दोरी मागे नेतात ते ‘ओढणे’, ‘खेचणे’, ‘ताणणे’. सीतास्वयंवरात पण हाच होता, शिवधनुष्याला दोरी चढवून दाखवा. वाल्मीकींच्या रामाने ती चढवली आणि ओढायला गेल्यावर धनुष्य मधोमध मोडलं. दोन वेगळ्या क्रिया. मराठीत आपण दोन्हींची खिचडी केली.

दोरी चढवलेल्या धनुष्याला संस्कृतात ‘सज्य’ म्हणतात, स + ज्या, दोरीसकट. आपला ‘सज्ज’ याच ‘सज्य’चं प्राकृत रूप, असं काहींचं मत आहे. सगळ्यांना मान्य नाही, मला मात्र आवडतं.

आणि ही ‘ज्या’ तुम्ही शाळेत रोज बघितली आहे. वर्तुळाची ‘जीवा’ म्हणजे धनुष्याची दोरीच. वरचा कंस म्हणजे वाकलेलं धनुष्य, खालची जीवा म्हणजे ताणलेली दोरी. ‘त्रिज्या’मध्येही तीच बसली आहे. आमच्या गणिताच्या बाईंनी एवढं सांगितलं असतं तर मी भूमितीत पास झाले असते.

पोटापुरता फारसी

माझे दोन पैसे. ‘तिरंदाज’मधला ‘अंदाज’ हा आपला अंदाजपंचे नव्हे. फारसीत त्याचा अर्थ फेकणारा. तीर फेकणारा तो तिरंदाज, गोळा फेकणारा तो गोलंदाज. आधी तोफखान्यात होता, आता क्रिकेटमध्ये आहे.

मराठीने या दोन घराण्यांत कामं कशी वाटलीत ते बघा. महाभारतात ‘धनुर्धर’, मैदानावर ‘तिरंदाज’. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी वैयक्तिक सुवर्ण जिंकलं तेव्हा तिरंदाजीतलंच सुवर्ण म्हटलं. ‘धनुर्धर अदिती’ म्हटलं तर सत्कारसमारंभातलं भाषण वाटतं, आणि ‘तिरंदाज अर्जुन’ म्हटलं तर अर्जुन क्रीडा कोट्यातून भरती झाल्यासारखा वाटतो. ताईंच्या सिनेमात राजे-किल्ले आहेत, तेव्हा ‘धनुर्धारी’ ठीक.

आकर्ण

वहिनींचा दीर तो मीच. राहवलं नाही म्हणून खातं उघडलं.

शब्दाचं तुम्ही बघताच आहात, मी चित्राचं रडगाणं गातो. सगळ्यात मोठी तक्रार त्या “थांबा… थांबा…”ची. तुदॉर काळातलं ‘मेरी रोज’ हे इंग्लंडचं लढाऊ जहाज १५४५ साली बुडालं आणि १९८२ साली वर काढलं. त्यात १३७ अखंड धनुष्यं आणि साडेतीन हजारांवर बाण मिळाले. त्या धनुष्यांची ओढ (म्हणजे दोरी पूर्ण मागे ओढायला लागणारा जोर; आम्ही ‘पाउंडेज’ म्हणतो, पण ‘ओढ’ हा शब्द काय वाईट आहे?) बहुतेक शंभर पौंडांच्या वर धरतात, काहींची १८० च्या आसपास. शंभर पौंड म्हणजे ४५ किलो. तीन बोटांवर सिमेंटचं जवळजवळ एक पोतं पेलून उभं राहायचं आणि साहेब भाषण करणार. ऑलिंपिकमधली धनुष्यं त्याच्या निम्म्याच्या आतबाहेर असतात, तरी ती मंडळी काही सेकंदांतच बाण सोडतात. माझं पस्तीस पौंडांचं आहे. सहाव्या सेकंदाला उजवा खांदा कुरकुरतो, दहाव्याला बाणाचं टोक मांजराच्या शेपटीसारखं हलायला लागतं.

दुसरं, आवाज. सिनेमात दोरी ओढली की जुनं दार उघडल्यासारखी करकर ऐकू येते. खरं धनुष्य असं करकरलं तर मी ते खाली ठेवून चार पावलं मागे होईन.

तिसरं, रिकामा टणत्कार. पौराणिक मालिकांत नायक बाण न लावताच दोरी ओढतो आणि सोडतो, धरणी हादरते. माझ्या पहिल्या बांबूच्या धनुष्यावर पुतण्याने हाच प्रयोग केला. बाण असला की दोरीतला जोर बाण घेऊन जातो, नसला की तो सगळा परत धनुष्यातच शिरतो. टणत्कार झाला नाही, ‘काड्’ झालं, आणि वरच्या अंगाला वीतभर चीर. पुतण्याचा चेहरा बघून त्याला रागावताही आलं नाही. इंग्रजीत याला ‘ड्राय फायर’ म्हणतात. घ्या, तिथेही फायर! मराठीत ‘रिती सोड’ म्हणू या का?

चांगलंही सांगतो. १९३८ च्या एरल फ्लिनच्या रॉबिन हूडपटात अवघड नेम हॉवर्ड हिल या खऱ्या धनुर्धराने मारलेत. बाण सुटताना हात कसा शांत राहतो ते बघण्यासाठी मी तो चित्रपट आवाज बंद करून बघतो.

आता अंगठा. आपल्या पडद्यावरचा प्रत्येक अर्जुन तीन बोटांनी दोरी ओढतो. ती युरोपातली पद्धत. मध्य आशिया, इराण, चीन, कोरिया, मुघल दरबार, सगळीकडे दोरी अंगठ्याने ओढत. दोरी अंगठ्याच्या पेरात अडकवायची, वरून तर्जनीची कडी, आणि अंगठा सोलू नये म्हणून जाड अंगठी. शाहजहानची जेडची अशी अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. एकलव्याचा अंगठाच का मागितला, हे तीन बोटांनी ओढणाऱ्या नटाकडे बघून कधी कळायचं नाही.

पोटापुरता फारसी

आकर्णराव, अंगठ्यावरून तुम्ही माझ्या अंगणात आलात. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, आणि तिरंदाजाची ती अंगठीसुद्धा. तिथून अर्थ सरकला नेमाकडे. उर्दूत ‘शिस्त बाँधना’ म्हणजे नेम धरणे. आणि जुन्या मराठीत ‘शिस्त धरणे’ म्हणजेही नेम धरणेच! नेम धरायचा तर सरळ रेषेत बघायला हवं. सरळपणातून आला नीटनेटकेपणा, आणि नीटनेटकेपणातून ती शिस्त, जिच्यासाठी आमच्या हेडमास्तरांनी छड्या मोडल्या. मुळाशी अंगठा आहे हे त्यांना माहीत नसावं.

तोरणमाळच्या पायथ्याहून

अंगठ्याबद्दल जरा थांबा. आमच्या भागात भिल्ल-पावरा मंडळींची तीर-कामठी अजून घराघरात आहे. धनुष्य बांबूचं आणि दोरीही दोरी नसते, बांबूचीच चिवट पट्टी असते. म्हणजे ‘दोरी’ हा शब्दही सगळीकडे चालत नाही. आणि अंगठा? कितीतरी जण तो लावतच नाहीत, बाण बोटांत धरून ओढतात. एकलव्याचा मान म्हणून, असं सांगतात. ते खरं की नंतर जोडलेलं, मी वाद घालत नाही. पण ‘खरी भारतीय पद्धत’ एकच होती असं कोणी ठासून म्हणालं की मला आमच्या बाजारातला कामठी घेऊन आलेला म्हातारा आठवतो.

पुस्तकी मराठीत ‘तिरकमठा’ आहेच, तो याच कुळातला. तो शब्द सिनेमात कोणी घेत नाही. गावंढळ वाटतो बहुतेक.

आकर्ण

मान्य. ‘आपल्याकडे सगळे अंगठ्यानेच’ असा सूर लागला असेल तर माझाच नेम चुकला. ती बांबूच्या पट्टीची कामठी बघायला नक्की येतो.

दोन मिनिटं वेळ आहे का

इतकं कोण बघतं हो? लोक पॉपकॉर्न खायला येतात. ‘फायर’ म्हटलं की लहान पोरालाही कळतं, विषय संपला.

जुनं पान

पोराला ‘सोडा’ही कळतं. फार तर विचारेल, लिंबू घालून का? :-)

कोपऱ्यातली

लहान पोरांचंच म्हणाल तर त्यांना वेगळंही आवडतं. विराटपर्वात अर्जुन बृहन्नडा होऊन जातो तेव्हा त्याची अडचण काय असते? दोन्ही हातांवर दोरीच्या फटक्यांचे घट्टे. ज्याघात. एका हातावर असते तर कोणीही धनुर्धर म्हणून खपला असता, दोन्ही हातांवर म्हणजे सव्यसाचीच. ते घट्टे तो बांगड्यांखाली लपवतो. माझ्या भाच्याला हे सांगितल्यापासून तो प्रत्येक सिनेमात आधी नटाचं मनगट बघतो. गुळगुळीत असलं की म्हणतो, “मावशी, हा नवीन आहे.”

हा फटका बसू नये म्हणून हातावर कातडी पट्टी बांधत, तिचं संस्कृत नाव ‘गोधा’. गोधा म्हणजे घोरपडही.

आणि ताई, मूळ प्रश्नाकडे येते. ‘शरसंधान’ आपण वर्तमानपत्रात ‘विरोधकांवर शरसंधान’ असं वापरतो, जणू बाण मारलाच. पण ‘संधान’ म्हणजे जोडणे. बाण दोरीला जोडणे, एवढंच. सुटायचा अजून बाकी आहे. म्हणजे तुमच्या तटावर तीन हुकूम हवेत: बाण दोरीला जोडा, मग ओढा, मग सोडा.

पोटापुरता फारसी

जोडा! ओढा! सोडा!

अहो, यमक आपोआप जुळलं की. इंग्रजीवाले ‘नॉक, ड्रॉ, लूज’ म्हणतात, त्यात ही मजा नाही.

बाकी खऱ्या लढाईत काय ओरडत हे एक कोडंच आहे. १४१५ च्या अझँकूरच्या लढाईत इंग्रजांच्या सर टॉमस अर्पिंगहॅमने हातातला दंडा वर फेकला आणि एक शब्द ओरडला. फ्रेंच बखरकार मोंस्त्रलेने तो ‘नेस्त्रोक’ असा लिहून ठेवला. म्हणजे ‘नाउ स्ट्राइक’, आता हाणा, असं बरेच जण मानतात. परभाषेतली आरोळी कानावर पडेल तशी लिहिली की असं होतं. डबिंगवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

सुईदोरा

मंडळी, सगळ्यांचे आभार. उशिरा कळवतेय, काल ध्वनिमुद्रण झालं.

‘जोडा, ओढा, सोडा’ ठेवलं. ‘फायर’ला ओठ-दात मिळवावे लागतात आणि ‘सोडा’ला ओठांचा चंबू होतो, त्यामुळे जवळच्या दृश्यात पकडले जाऊ अशी धास्ती होती. सेनापतीच्या भरघोस दाढीने वाचवलं. आवाज देणाऱ्या काकांना ‘सोडा’ इतका आवडला की त्यांनी ‘सो’ लांबवून लांबवून म्हटला. तीन टेक त्यातच गेले.

“प्रत्यंचा चढवा” काढून टाकलं. “थांबा… थांबा…” मात्र काढता आलं नाही, पडद्यावर त्याचं तोंड हलतंय, मी काय करू? भाऊजींना दाखवलं तर ते घड्याळ लावून बसले. सव्वीस सेकंद निघाले. मग उठून न बोलता गच्चीवर गेले. आता वरून मोठ्याने आकडे मोजल्याचा आवाज येतोय, अकरापर्यंत गेले आहेत.