मूल १८ चं झाल्यावर पालकत्वाचं काय
"आपल्यामागे पोराचं कसं होईल, मृत्युपत्र करून ठेवा" असा सल्ला ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या आईबापांना देतात तो पटलाच, पण त्याच्याही आधीचं एक काम राहिलं. ऑटिझम असलं तरी मूल १८ चं झालं की कायद्याने सज्ञान, मग सख्खे आईबाप असूनही आपण आपोआप पालक राहत नाही आणि बँकेत सहीपाशीच गाडी अडते. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात यावर सोय आहे, जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करायचा, नागपूरवाल्यांनी सिव्हिल लाइन्सच्या कलेक्टर ऑफिसात चौकशी करा.

आमचा लेक बोलतो कमी, पण त्याला काय हवं ते त्याला पक्कं कळतं, म्हणून अर्ज भरताना आम्ही त्याला शेजारीच बसवलं होतं.