आजारपण आणि हॉटेलातली नोकरी : तुमचा अनुभव लिहा

नमस्कार. हाउसकीपिंगमध्ये मला यंदा 31 वर्षं झाली. रूम अटेंडंट म्हणून लागले तेव्हा एका शिफ्टला 14 खोल्या असायच्या. आज पुण्यातल्या एका हॉटेलात सगळं खातं माझ्याकडे आहे. सहा वर्षांपूर्वी उजव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन, सगळं झालं.

आपल्या धंद्यात दुखणं अंगावर काढायची सवयच असते. ताप आला तरी गोळी घ्यायची आणि फ्लोअरवर जायचं. गाठ माझ्या हाताला लागली ती दिवाळीत. लग्नाचा सीझन उरकू दे, असं म्हणत मी डॉक्टरकडे गेले फेब्रुवारीत. ते महिने मला अजून सलतात, म्हणून आधी तेच सांगितलं.

काखेतल्या गाठी काढल्यामुळे हाताला सूज यायची. वजन उचलायला बंदी. गादी उचलून चादर खोचण्यात जिचा जन्म गेला, तिने करायचं काय? व्यायाम दिला होता : भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं चालवत हात वर न्यायचा. कामावर परतल्यावर मी तो लिनन रूममध्ये करायची, पोचेन तिथे पेन्सिलने खूण. पहिली खूण खांद्याच्याही खाली आहे. मागच्या वर्षी रंगकाम निघालं तेव्हा आमच्या मुलींनी रंगाऱ्याला तेवढा पट्टा रंगवू दिला नाही.

हॉटेल, कॅटरिंग, खानावळ, बोट, जिथे काम केलं असेल तिथलं लिहा. पूर्ण बरं झालेल्यांनीच लिहावं असं नाही.

शेफ, ठाणे, 26 वर्षं

ताई, तुमचं वाचून लिहायला बसलो. मी दादरच्या कॅटरिंग कॉलेजचा. शेवटची ऑर्डर गेली की मागच्या दाराशी तंबाखू मळायची, ही सवय किचनमध्येच लागली. 2016 साली जिभेच्या कडेचा व्रण भरेना. तपासणीत कॅन्सर. ऑपरेशन झालं, मग आठवड्याला पाच अशी 30 रेडिएशन. तिसऱ्या आठवड्यात बायकोने वरणभात भरवला तर तोंडात ओली माती घेतल्यासारखं वाटलं. लाळ आटली, जबडा उघडेना. आईस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि दर आठवड्याला एक वाढवायची. बाराव्या काडीला मी रडलो, कारण आता चमचा सरळ आत जाणार होता.

शिकागोच्या ‘अलिनिया’चे शेफ ग्रँट अ‍ॅकेट्स यांनाही 2007 मध्ये जिभेचा कॅन्सर झाला होता. त्यांची चव गेली आणि हळूहळू परतली. हे माझ्या ज्युनियरने घरी येऊन वाचून दाखवलं. त्या दिवशी मला त्याची फार गरज होती.

परत आलो तेव्हा चव निम्मीसुद्धा नव्हती. जन्मभर चिमटीने मीठ टाकणारा मी वजनकाटा घेऊन उभा राहिलो, रश्शाला किलोमागे 10 ग्रॅम. फोडणी कानाने आणि नाकाने ओळखायची. चव बघायला कॉमी, म्हणजे हाताखालचा शिकाऊ पोरगा. तो ‘शेफ, आंबट कमी आहे’ म्हणाला की सुरुवातीला जीव तुटायचा. आता मीच त्याला विचारतो. आधी गोड परतलं, मग खारट. तिखट अजून सोसत नाही.

खानावळ, रत्नागिरी

मला टीबी झाला होता. खोकला चुलीच्या धुराचा असेल म्हणून तीन महिने काढले. औषध नीट चालू झालं की काही आठवड्यांत लागण थांबते, जेवणातून तर टीबी पसरतच नाही, हे डॉक्टरांनी समजावलं. पण गिऱ्हाइकाला कोण समजावणार? मी लपवायचं नाही ठरवलं. भाजीचा फळा असतो ना, त्यावरच लिहिलं : ‘मला टीबी झाला आहे. उपचार चालू. खानावळ दोन महिने बंद.’ सहा महिने गोळ्या घेतल्या. लाल लघवी बघून पहिल्या दिवशी हबकले होते, तो औषधाचा रंग. टीबीच्या पेशंटला खुराकासाठी सरकारची निक्षय योजना आहे, तिचे महिन्याला 500 रुपये खात्यात यायचे, त्याची अंडी आणायची. पुन्हा उघडलं तेव्हा 40 डब्यांपैकी 17 परत आले. अजून 40 झालेले नाहीत.

क्रूझवरचा स्टुअर्ड, तारकर्ली

19 वर्षं बोटीवर. बायपासनंतर मेडिकलमध्ये नापास झालो. परत गेलो नाही. आता घराच्याच दोन खोल्या पाहुण्यांना देतो. बोटीचा भोंगा अजून स्वप्नात ऐकू येतो.

नाइट ऑडिटर, नाशिक

आठवड्यातून तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. डायलिसिसच्या सुया टोचायला हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडतात, तो फिस्टुला. आधीच्या हॉटेलात त्याने फुगलेला हात पाहून ‘डेस्कवर बरं दिसत नाही’ म्हणाले आणि राजीनामा घेतला. इथल्या मॅनेजरनी मला रात्रपाळी दिली आणि लांब बाहीचा युनिफॉर्म स्वतः शिवून घेतला. सकाळी सातला सुटतो, आठला मशीनवर.

दिवसाला एक लिटर पाणी, त्यातच चहा आणि आमटी. समोर वेलकम ड्रिंकचे ट्रे जात असतात, तेव्हा बर्फाचा एक खडा तोंडात ठेवतो. रात्री तीनला हॉटेलचा दिवसाचा हिशेब क्लोज करतो. रिपोर्ट छापून होईपर्यंत डावं मनगट कानाला लावायचं. आत घूंऽऽ असा आवाज येतो. म्हणजे फिस्टुला चालू आहे. मग मेन गेटच्या वॉचमनला फोन करतो, तोही जागा आहे ना बघायला.

पुन्हा मी, पुणे

सगळ्यांचं दोनदा वाचलं. रत्नागिरीच्या ताई, पुढच्या महिन्यात आमच्या खात्यातल्या 14 जणी गणपतीपुळ्याला येतोय. दोन्ही दिवसांचं जेवण तुमच्याकडे. माशांच्या ताटासाठी किती दिवस आधी कळवायचं?