‘सस्पेन्स’ला रहस्य म्हणायचं का?

कोरा कागद
अडले आहे, मदत करा. एका चित्रपट शिबिरासाठी ‘टच ऑफ ईव्हिल’ या अमेरिकी चित्रपटाच्या (१९५८) सुरुवातीवरचं इंग्रजी टिपण मराठीत करून देतेय. एकाच परिच्छेदात सस्पेन्स, टेन्शन, ड्रेड असे तिघे हातात हात घालून आलेत. सस्पेन्सला मी ‘रहस्य’ लिहिलं, तर शिबिरवाल्यांनी लाल रेघ मारून विचारलं, “यात रहस्य कुठाय?”

खरंच नाहीये. पडदा उजळतो तोच बॉम्बचं घड्याळ लावणारे हात दिसतात. तो माणूस पळतो, भिंतीवर त्याची ही लांब सावली. एका मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवून पसार. लगेच एक शेठ आणि त्याच्यासोबतची मुलगी येऊन त्याच मोटारीत बसतात. त्या हातांपासून पुढे तीन मिनिटांच्या वर एकसुद्धा कट नाही, कॅमेरा क्रेनवरून गावभर हिंडतो. आपल्याला सगळं माहीत, गाडीतल्यांना काहीच नाही. मग रहस्य कुणापासून?

शुद्धमती
उत्कंठा. विषय संपला. उद् अधिक कंठ, म्हणजे मान उंच करून वाट बघणे. इतका नेमका शब्द घरात असताना चर्चा कसली?

तिखटमीठ
विषय संपला नाही, ताई. उत्कंठा भेटीची असते, निकालाची असते. “गाडी कधी उडते याची मला उत्कंठा लागली होती” असं म्हटलं तर पोलीस मलाच धरतील!

नाक्यावरचा
सस्पेन्सच लिहा की. आमच्या तालुक्याच्या गावी व्हिडिओ लायब्ररी होती. तिथे तीन फळ्या, खडूने लिहिलेल्या: मारधाड, सस्पेन्स, देवाचे. आमच्या आत्याला इंग्रजीचा गंध नव्हता, पण ती दुसऱ्या फळीवरूनच कॅसेट उचलायची. टेन्शनचं मात्र जपून. “टेन्शन घेऊ नको” म्हणजे काळजी करू नको. सिनेमातल्या टेन्शनला ताण बरा.

शुद्धमती
उद्या त्या फळीवर ‘हॉरर’ लिहिलं असतं तर भयपट हा शब्दही मोडीत काढला असता का?

आजोळचा
भांडू नका, माझी आजी ऐका. कोकणात घाटाखालचं घर. मामा शेवटच्या एसटीने यायचा. पावसात गाडीला उशीर झाला की आजी कंदील घेऊन ओटीवर बसायची. घाटात गिअर बदलल्याचा आवाज यायचा, वळणाआड गेला की बुडायचा, परत यायचा. बुडाला की ती म्हणायची, “जीव टांगणीला लागलाय मेला.” सस्पेन्स ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ लटकवणे, टांगणे. आजीला लॅटिन कोणी शिकवलं नव्हतं.

आणि या शॉटमध्ये हुबेहूब हेच आहे. स्टुडिओने मूळ प्रतीत या शॉटवर श्रेयनामावली चढवली होती, खाली हेन्री मॅन्सिनीचं संगीत. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने स्टुडिओला ५८ पानी टिपण पाठवून केवढे तरी बदल मागितले होते, ते तेव्हा झाले नाहीत. ते टिपण समोर ठेवून १९९८ मध्ये संकलक वॉल्टर मर्चने नवी प्रत बांधली. या शॉटवरची नावं गेली, पार्श्वसंगीतही गेलं. आता ऐकू येतात दारूच्या गुत्त्यांतली गाणी आणि त्या मोटारीतला रेडिओ. मोटार चौकटीबाहेर गेली तरी रेडिओ कानावर असतो. तो जवळ आला की पोटात गोळा, लांब गेला की आणखी मोठा गोळा. एसटीचा गिअरच तो.

तिखटमीठ
वा! आणि त्या शेळ्या विसरू नका. रस्त्यात कळप आडवा येतो, मोटार थांबते. एरवी हसलो असतो. इथे मनात म्हणतो, हाका रे त्यांना, हाका! पुढे सीमेच्या नाक्यावर ती मुलगी कुरकुरते की डोक्यात टिकटिक चाललीये. नाकेवाला लक्षच देत नाही. मोटार पुढे सरकते. मागे राहिलेलं, चालत निघालेलं दुसरं एक जोडपं मुका घ्यायला वळतं आणि धडाम! पहिला कट तिथे.

शुद्धमती
आजींना नमस्कार. पण टांगणीचं नाम-विशेषण कसं करणार? टांगणीपट? टांगणीवर्धक?

आजोळचा
क्रियापद असताना नाम कशाला हवं? ‘हा शॉट प्रेक्षकाचा जीव टांगणीला लावतो.’ इंग्रजीत नाम आहे म्हणून मराठीत नाम पाडायचं, ही भाषांतरवाल्यांची जुनी खोड.

कोरा कागद
हे आवडलं. आता ड्रेडचं काय?

तिखटमीठ
इथे मराठी श्रीमंत आहे. दचकणं क्षणाचं. धसका घडून गेल्यावरचा: लहानपणी कुत्रा चावला, अजून धसका आहे. धास्ती घडायच्या आधीची. दिग्दर्शक हिचकॉकने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण हेच. न सांगता फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो, आधी सांगितलं तर पंधरा मिनिटं धास्तीत. ड्रेडला धास्ती लिहा.

नाक्यावरचा
धास्ती म्हणजे दहशतच ना, तोंडात घोळून घोळून गुळगुळीत झालेली? शुद्धमतींना चालेल?

शुद्धमती
मला ती ध्वस्तवरून आलेली वाटते.

नाक्यावरचा
वाटणारच. तुम्हाला बटाटाही संस्कृत वाटतो.

शुद्धमती
बटाट्याचं सोडा. वर पहिल्याच प्रश्नात ‘डिकी’ लिहिलंय ते आधी दुरुस्त करा. सामानकप्पा म्हणा.

नाक्यावरचा
“सामानकप्पा उघडा” म्हटलं तर रिक्षावालासुद्धा कोणती भाषा म्हणून विचारेल. जुन्या मोटारींना मागे उघडमिट करणारी बैठक असायची, तिला इंग्रज डिकी म्हणत. बैठक गेली, शब्द राहिला. आता इंग्रज बूट म्हणतो, अमेरिकन ट्रंक म्हणतो, डिकी आपल्याकडे वस्तीला आली. तिला घराबाहेर काढू नका.

आजोळचा
आमच्याकडे क जोरात. डिक्की.

तिखटमीठ
डिक्की स्कूटरची, डिकी मोटारीची. बाबा स्कूटरच्या डिक्कीत मेथी ठेवून विसरायचे. चौथ्या दिवशी वासावरून सापडायची.

शुद्धमती
असा भेद कुठल्या कोशात आहे?

तिखटमीठ
बाबांच्या.

कोरा कागद
मंडळी, टिपण उद्या सकाळी द्यायचंय. ‘जीव टांगणीला’, ताण आणि धास्ती असं लिहिलंय. मथळ्यात अजून सस्पेन्सच आहे, तिथे वाक्य मावत नाही. काय करू?

नाक्यावरचा
ते बघू. आधी सांगा, डिकीतली ‘डि’ ऱ्हस्व की दीर्घ?