स्टुटगार्टला कुटुंबासह जाताना आरोग्य विमा सार्वजनिक घ्यावा की खासगी?

प्रश्न (पुणे):
नमस्कार. नोकरीनिमित्त पुढच्या महिन्यात स्टुटगार्टला जात आहे; पत्नी आणि चार वर्षांची मुलगी सोबत आहेत. माझा पगार खासगी विम्याची मुभा देणाऱ्या मर्यादेच्या वर असून, एका एजंटाने कळवलेला खासगी पॉलिसीचा हप्ता सार्वजनिक विम्याच्या कपातीपेक्षा बराच कमी दिसतो. पत्नी तूर्त नोकरी करणार नाही. दिवाळीनंतर आई तीन महिन्यांसाठी येईल. तिला मधुमेह आहे. तिचे नाव माझ्या विम्यात घालता येईल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (म्युनिक):
तो आकडा तिघांचा आहे की एकट्या आपला, हे एजंटाला आधी विचारा. खासगी विम्याचा हप्ता पगारावर नव्हे, तर वय, प्रकृती आणि निवडलेल्या सोयी यांवर ठरतो, आणि पत्नी व मुलगी यांचा हप्ता वेगळा पडतो. सार्वजनिक विम्यात पगाराच्या 14.6 टक्के आणि त्यावर त्या-त्या विमा संस्थेचा अधिभार अशी वर्गणी असून तिचा निम्मा भार कंपनी उचलते. कमाई नसलेली पत्नी आणि मुलगी त्याच वर्गणीत येतात. वर्गणीलाही कमाल मर्यादा आहे: 2025 साली वर्षाला 66,150 युरोंच्या पुढच्या पगारावर ती आकारली जात नव्हती.

मुख्य अडचण परतीची आहे. खासगीत गेलेल्या नोकरदाराला सहसा पगार ठरावीक मर्यादेखाली (2025 मध्ये 73,800 युरो) आल्याशिवाय परतता येत नाही, आणि पंचावन्नाव्या वर्षानंतर तो मार्ग जवळजवळ बंदच होतो. तरुणपणीच्या स्वस्त हप्त्याची जाहिरात करताना एजंट हे हळू आवाजात सांगतात.

सार्वजनिक विम्याचा व्यवहार सोपा आहे. दवाखान्यात दर तिमाहीला एकदा विम्याचे कार्ड यंत्रात घालतात, त्यामुळे मार्चमध्ये दाखवलेले कार्ड एप्रिलमध्ये पुन्हा मागितले तर गोंधळू नये. औषधाची चिठ्ठीही आता कार्डावरूनच औषधविक्रेत्याला दिसते. प्रौढांना बहुतेक औषधांमागे 5 ते 10 युरो आणि इस्पितळात दिवसाला 10 युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त 28 दिवस, भरावे लागतात. मुलीला यातून सूट आहे.

उत्तर (फ्रँकफर्ट):
वरील मत मान्य आहे, पण दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. त्वचारोगतज्ज्ञ किंवा नेत्रतज्ज्ञ यांची वेळ सार्वजनिक विम्यावर मिळता मिळत नाही, आणि खासगी विमा आहे म्हटले की त्याच दवाखान्यात ती लवकर निघते. मात्र खासगीत बिल आधी स्वतः भरून मग कंपनीकडे मागावे लागते, हे दर महिन्याचे काम होऊन बसते. सार्वजनिक विमा असेल तर 116117 या क्रमांकावर फोन करून तज्ज्ञाची वेळ मागता येते. कुटुंबवैद्याने तातडीची शिफारस दिली असेल तर तिचा उपयोग होतो.

उत्तर (स्टुटगार्ट):
आईंचे नाव आपल्या विम्यात घालता येणार नाही. कौटुंबिक विम्यात आईवडील बसत नाहीत. व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागेलच, परंतु अशा पॉलिसी आधीपासूनच्या आजाराचा नियमित खर्च बहुधा देत नाहीत, म्हणून मधुमेहाबाबतचे कलम घेण्यापूर्वी नीट वाचावे. त्यांची औषधे मुक्कामापुरती भारतातूनच आणावीत, सोबत मूळ घटकांच्या नावांसह डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी ठेवावी, आणि इन्सुलिन असल्यास ते विमानात हातातील पिशवीतच असावे, कारण मालकक्षात ते गोठण्याची शक्यता असते. येथे डॉक्टरांकडे जावे लागलेच तर स्वखर्चाने येणारे रुग्ण म्हणून नोंद करावी. त्याचे बिल बऱ्याचदा नंतर टपालाने घरी येते, ते विमा दाव्यासाठी जपून ठेवावे.