प्रसूतिकेंद्राच्या समाजमाध्यमांवरील पानांसाठी सल्ला हवा आहे

निळीशाई : आमचे प्रसूतिकेंद्र लहान आहे. ते सुइणी चालवतात आणि गुंतागुंत झाल्यास बाळंतिणीला रुग्णालयात हलवण्याची व्यवस्था आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील आमच्या पानांवर शुभेच्छा आणि सुविचार यांपलीकडे काही नाही. खर्चासाठी पैसे जवळजवळ नाहीत आणि आठवड्याला फार तर एक तास काढता येईल. सुरुवात कुठून करावी?

दूरदर्पण : सर्वप्रथम उत्तम कॅमेरा, दोन दिवे आणि ध्वनिमुद्रणाचा माइक घ्या. मी माझ्या व्यवसायासाठी घेतले आणि तेव्हापासून लोक आपणहून विचारणा करू लागले.

उंबरठा : प्रश्नात पैसे नाहीत असे स्पष्ट लिहिले आहे. खिडकीजवळचा उजेड आणि साधा फोन पुरतो. रील उभी, म्हणजे ९:१६ प्रमाणात घ्या आणि बोललेले शब्द पडद्यावरही उमटवा, कारण पुष्कळजण आवाज बंद ठेवूनच पाहतात.

करडाखडू : आम्ही हे काम एका कंपनीकडे सोपवले, तेव्हा तिने कुठल्याशा चकचकीत खोलीची विकतची छायाचित्रे टाकली. त्याखाली एका गर्भवतीने "ही खोली तुमच्याकडे कोणत्या मजल्यावर आहे?" असे विचारले आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. पैसे गेलेच, वर विश्वासही गेला.

तिसरीकळ : केंद्र निवडताना गोंडस बाळांची छायाचित्रे मला निरुपयोगी वाटली. कळा सुरू झाल्यावर फोन कोण उचलते, सोबत किती माणसे थांबू शकतात, पाण्याचा टब आहे का आणि रुग्णालयात कोणत्या परिस्थितीत हलवतात, एवढेच मला हवे होते, आणि तेच कुठे लिहिलेले नव्हते.

दूरदर्पण : रुग्णालयाचा विषय काढलात तर लोक घाबरतील. आणि कॅमेऱ्याला पर्याय नाही.

सांजपाळी : मी सुईण आहे, म्हणून संमतीबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. छायाचित्राची लेखी संमती दाखल होतानाच्या कागदांत मिसळू नये, कळा चालू असताना तर मागूच नये, आणि ती नंतर मागे घेता येते हेही त्यात लिहावे. बाळाच्या मनगटावरील पट्टीवर नाव असते, तिकडे लक्ष ठेवा. कोणी वाईट अभिप्राय लिहिला, तरी ती बाई आपल्याकडे आली होती असे सूचित होईल असेही उत्तर देऊ नका. बाळाच्या दूधपावडरच्या कंपनीचे प्रायोजकत्व घेऊ नका. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांच्या प्रचाराविरुद्ध १९८१ पासून आंतरराष्ट्रीय संहिता आहे. विषय सुचत नसल्यास ५ मे हा सुइणींचा दिवस आणि १ ते ७ ऑगस्ट हा स्तनपान सप्ताह हाताशी आहेतच.

पाऊलवाट : अद्याप कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो, लेखी संमती अवश्य घ्या. आणि रीलच करा, स्थिर पोस्ट आता कोणी पाहत नाही.

उंबरठा : रीलबाबत सहमत. फेसबुक मात्र सोडून द्या.

निळीशाई : सर्वांचे आभार. रीलसाठी आमच्यातील एकही सुईण तयार नाही, त्यामुळे आम्ही इन्स्टाग्राम तूर्त थांबवून फेसबुकवरच आठवड्याला एका प्रश्नाचे लेखी उत्तर देणार आहोत, सोबत आमच्याच खोलीचे छायाचित्र असेल. पहिला प्रश्न रुग्णालयात केव्हा हलवतो हाच घेतला आहे. दूरदर्पण यांना तो भीतीदायक वाटेल, पण दूरध्वनीवर आम्हाला सर्वाधिक तोच विचारला जातो.

दूरदर्पण : छायाचित्र तरी चांगल्या कॅमेऱ्याने काढा.