चुकीचा व्हॉल्व्ह उघडला तर पाणी जावंच का? (स्टीमपंक गेममधल्या कोड्याबद्दल)

वाफकोंडी
आम्ही तिघं संभाजीनगरात बसून एक स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या कल्पित जगातला, गेम बनवतोय. काळ १९१० च्या आसपासचा, पण आपल्या इतिहासातला नाही. यात डिझेल आणि वीज आलीच नाही, सगळं वाफेवरच पुढे गेलं. निजामाची हैदराबाद-मनमाड मीटरगेज, लातूरकडे सरकणारी बार्शी लाइट रेल्वे, कापसाच्या जिनिंग, सगळीकडे बॉयलर. नायिका नहरीवरची, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणाऱ्या नळांवरची, मिस्त्री आहे. बॉयलरपर्यंत पाणी पोचवणं हे तिचं काम, आणि तेच आमचं कोडं.

पाइपाचे तुकडे फिरवून जोडायचा खेळ मला नको होता. १९८९ च्या पाइप मॅनियापासून तो चालू आहे, २००७ मध्ये बायोशॉक या गेमनं हॅकिंगसाठी, म्हणजे यंत्रं ताब्यात घेण्यासाठी, तोच वापरला. त्यात पाणी म्हणजे पुढे सरकणारा नुसता रंग. चढ नाही, हवा नाही, दाब नाही. आमच्या गावात मलिक अंबरच्या काळापासून जमिनीखालच्या नळांतून पाणी आलं, वाटेत मनोरे बांधून हवा सोडली गेली, पाणचक्कीचं जातं पाण्यावर फिरलं. हे दाराशी असताना चौकोन कशाला फिरवायचे?

आमच्या पडद्यावर डोंगराचा उभा छेद दिसतो. नळात कुठंतरी हवा धरली आहे. ती जागा ओळखून व्हॉल्व्ह उघडायचा. चुकीचा उघडला तर पाणी सांडतं आणि परत मिळत नाही. हौदात उरलं तेवढंच. भांडण या शेवटच्या नियमावर आहे. मी ठाम आहे, बाकीचे दोघे नाहीत.

मोबाइलपंथी
मी त्या दोघांच्या बाजूनं. चुकीला दंड म्हणजे करून बघण्याला दंड. कोडं सुटतं ते दोनदा उलटंसुलटं करून पाहिल्यावर. दंड लावलात की लोक डोकं चालवणार नाहीत, सेव्ह उघडून मागे जातील, नाहीतर यूट्यूबवर उत्तर शोधतील. मग तुमची नहर, मनोरे, मलिक अंबर, सगळं कुणीतरी दुसरं खेळताना बघायचं. शिवाय हा मिनीगेम आहे. मुख्य गोष्ट थांबवून मधे येणारी चीज. ती पाच सेकंदांत कळली पाहिजे, एक-दीड मिनिटात संपली पाहिजे.

पाइपलाइन_मामा
मी गेम खेळत नाही, पोरानं धागा दाखवला. विहिरीपासून रानापर्यंत पाइपलाइन टाकायचं काम करतो. तुमी हवा काढायचं म्हणायलाव ते बरोबर हाय, पण अर्धंच. मधला उंचवटा पाण्याच्या उगमापेक्षा खाली असंल तर तिथला व्हॉल्व्ह उघडला की हवा फुसकन बाहेर जाती आन् पाणी चालू. उंचवटा उगमाच्या वर असंल तर तो सायफन झाला. तिथं तोच व्हॉल्व्ह उघडला तर हवा आत घुसती आन् चालू पाणी बी बंद पडतं. मग दोन्ही तोंडं बंद करून वरून पाणी भरत बसा. आन् सायफन वीस-पंचवीस फुटाच्या वर नेला तर धरतच नाही. व्हॉल्व्ह एकच, काम उलटं. नवीन पोरं इथंच फसतात.

वाफकोंडी
मामा, हे आमच्या आराखड्यात नव्हतं! म्हणजे पहिल्या पाच टप्प्यांत खेळाडूला "उंचवट्यावरचा व्हॉल्व्ह उघड" ही सवय लागू द्यायची, आणि सहाव्या टप्प्यात उंचवटा उगमाच्या पातळीच्या रेषेपेक्षा वर न्यायचा. छेद आधीपासून समोरच आहे, त्यामुळे फसवणूक नाही. रेषा बघितली असती तर कळलं असतं. आणि मोबाइलपंथी, नेमकं इथंच नुकसान हवं. फुकटात चूक झाली तर खेळाडू रेषा बघणारच नाही, सगळे व्हॉल्व्ह एकेक करून उघडत सुटेल.

दातेरी
थोडं अवांतर. पाण्याचं शास्त्र इतकं पाळताय तर दातेरी चक्रांचंही पाळा. स्टीमपंकच्या निम्म्या चित्रांत तीन चक्रं एकमेकांत अडकवलेली असतात, तिन्ही एकमेकांना भिडून. ती कधीच फिरणार नाहीत. पहिलं उजवीकडे, दुसरं डावीकडे, तिसऱ्यानं कुठं जायचं? भिंतीवर पितळी चक्र चिकटवलं की स्टीमपंक झालं, हा समज आधी मोडा.

बॉयलरचंही तसंच. सगळे गेम दाबाचा काटा दाखवतात. खरा मिस्त्री आधी पाण्याची काच, म्हणजे आतली पातळी दाखवणारी नळी, बघतो. दाब ठीक दिसत असताना आतलं पाणी खाली गेलेलं असू शकतं, आणि भट्टीवरचा पत्रा उघडा पडला तर स्फोट. म्हणून तिथं लवकर वितळणाऱ्या धातूचा प्लग ठेवायचे. तो वितळला की वाफ खाली भट्टीत शिरून इशारा देते.

लातूरकरीण
दादा, पाणी संपू द्या, माझी हरकत नाही. २०१६ ला मिरजेहून आमच्याकडे रेल्वेनं पाणी आलं होतं. इथल्या माणसाला हौद संपणं समजावून सांगावं लागत नाही. माझा प्रश्न दुसराच. हौदातलं पाणी बॉयलरचं की गावाचं? फक्त बॉयलरचं असेल तर तुमचा दंड म्हणजे कोपऱ्यात कमी होणारा आकडा, दुसरं काही नाही. तेच गावाचं असेल तर पुढच्या प्रसंगात बाया रांगेत जास्त वेळ उभ्या दिसल्या पाहिजेत, पाणीवाल्यानं भाव वाढवला पाहिजे. तेवढं करायची तयारी नसेल तर नियम काढून टाका. आणि एक विनंती. पाणी सांडल्यावर चमचमणारे थेंब आणि खळाळता आवाज नको. आमच्याकडे त्याला कुणी टाळ्या देत नाही.

वाफकोंडी
ताई, हौद गावाचाच. रांगेचं डोक्यात नव्हतं, पण करता येण्यासारखं आहे.

मोबाइलपंथीसाठी मधला मार्ग काढलाय. व्हॉल्व्हला हात लावण्याआधी नळावर हातोडी ठोकता येईल, हवी तितक्यांदा, फुकट. भरलेला नळ बद्द वाजतो, रिकामा पोकळ. बघणं-ऐकणं मोफत, उघडणं विकत.

मोबाइलपंथी
हे आवडलं, पण बसमध्ये मोबाइल म्यूट असतो, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांचं काय? ठोकल्यावर नळ डोळ्यांना दिसेल असा थरथरू द्या, भरलेला कमी, पोकळ जास्त.

आणि वगळायची सोय? बायोशॉकमध्ये पैसे मोजून किंवा ऑटो-हॅकचं साधन वापरून कोडं टाळता यायचं. दुसऱ्या भागात त्यांनी पाइप काढून सरकत्या काट्याचा खेळ आणला, आणि तो चालू असताना बाहेरचं जग थांबायचंही बंद झालं. म्हणजे त्याच मालिकेत नळ गेले. गोष्टीसाठी आलेला माणूस तुमच्या सहाव्या टप्प्यावर अडकून गेम काढून टाकेल, हे लिहून ठेवा.

वाफकोंडी
थरथर घेतो. वगळायचंच असेल तर गावातला दुसरा मिस्त्री बोलावता येईल. तो काम बरोबर करेल, पण मजुरी म्हणून हौदातलं पाणी घेईल.

मोबाइलपंथी
म्हणजे पुन्हा दंडच! फिरून फिरून तिथंच आलात.

पाइपलाइन_मामा
मजुरी पाण्यात घेणारा मिस्त्री मला बी दाखवा. आमी रोख घेतो, निम्मे काम सुरू करायच्या आधी.