शब्दचर्चा : ‘सर्क्युलर आरएनए’ला मराठीत काय म्हणावे?

येऊरकर :
ठाण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघासाठी, स्ट्रोकनंतर मेंदूत काय बदलते यावर मराठी पुस्तिका तयार होते आहे. ‘सर्क्युलर आरएनए’साठी, म्हणजे दोन्ही टोके जुळून बंद कडी झालेल्या आरएनए रेणूसाठी, चार शब्द समोर आहेत : वर्तुळाकार, चक्रीय, वलयांकित, कंकणाकृती. कोणता घ्यावा? आणि ‘प्लास्टिसिटी’ला, म्हणजे मेंदूच्या स्वतःची नव्याने जुळणी करण्याच्या क्षमतेला, ‘लवचिकता’ चालेल का?

पारसिक :
वलयांकित आधी बाजूला ठेवा. वलयांकित म्हणजे ज्याच्याभोवती वलय आहे तो. नट आणि खेळाडू वलयांकित असतात. हा रेणू स्वतःच वलय आहे. चक्रीयही नको, कारण ‘चक्रीय एएमपी’ हा वेगळाच लहान रेणू आहे, शिवाय चक्रीय म्हटले की फेऱ्याफेऱ्याने परत येणारे काहीतरी डोळ्यांपुढे येते.

वर्तुळाकार आणि कंकणाकृती चूक नाहीत, पण दोन्ही आकारावर बोट ठेवतात. पेशीत हा रेणू काही गोल गरगरीत नसतो, घड्या पडून गुंडाळलेला असतो. खरा मुद्दा टोके नसण्याचा आहे. संदेशवाहक आरएनएच्या (प्रथिन बनवण्याचा जनुकाचा निरोप नेणाऱ्या) एका टोकाला टोपी आणि दुसऱ्या टोकाला अ‍ॅडेनिनची लांब शेपटी असते. तो तयार होताना एका एक्सॉनचा (जनुकाच्या प्रतीतल्या राखून ठेवलेल्या तुकड्याचा) शेवट पुढच्या एक्सॉनच्या सुरुवातीला सांधतात. इथे तोच शेवट मागे वळून आधीच्या, किंवा त्याच एक्सॉनच्या सुरुवातीला सांधला जातो. याला ‘उलट सांधणी’ म्हणता येईल. टोक नसल्याने टोकाकडून कुरतडणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) धरायला जागाच उरत नाही. संदेशवाहक आरएनए बहुधा काही तासांत संपतो, सर्क्युलर आरएनएमधले बरेच दोन दिवसांहून जास्त टिकतात. चेतापेशी विभाजित होत नाहीत, म्हणून त्यांच्यात हे साठत जातात. माझा कौल ‘बिनटोकी आरएनए’ला.

खाडीकाठ :
प्रयोगशाळेतली सगळी कामे टोक आणि सांधा या दोन गोष्टींभोवतीच फिरतात, त्यामुळे बिनटोकी मलाही पटतो. रेणू खरेच बिनटोकी आहे याचा पहिला पुरावा असा : आरएनएज-आर हे विकर टोके असलेले धागे खाते. साधारण १ मायक्रोग्रॅम आरएनएला ३ युनिट, ३७ अंश सेल्सिअस, १० ते १५ मिनिटे. सरळ आरएनए (उदाहरणार्थ जीएपीडीएच या जनुकाचा) घटायला हवा, बिनटोकी टिकायला हवा. मात्र काही सरळ धाग्यांचे टोक घट्ट दुमडलेले असते आणि तेही वाचतात, म्हणून एवढ्यावर विसंबू नये.

दुसरा पुरावा ‘पाठमोऱ्या’ प्रायमरांचा. प्रायमर म्हणजे पीसीआर या प्रती काढण्याच्या पद्धतीत सुरुवात करून देणारे छोटे तुकडे. नेहमीचे प्रायमर समोरासमोर असतात, हे एकमेकांकडे पाठ करून. सरळ धाग्यावर त्यांना काही सापडत नाही, बंद कडीवर उलट सांधा ओलांडून तुकडा तयार होतो. तो तुकडा सँगर पद्धतीने वाचून सांधा डोळ्यांनी पाहावाच, कारण उलट-प्रतिलेखन करणारे (आरएनएवरून डीएनए बनवणारे) विकर मध्येच एका धाग्यावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि खोटा सांधा तयार होतो. सीडीएनए (आरएनएची डीएनए-प्रत) करताना शेपटीला चिकटणारा ऑलिगो-डीटी वापरला तर शेपटी नसलेला हा रेणू हातातून निसटतो. रँडम हेक्सामर (कुठेही चिकटणारे सहा अक्षरी तुकडे) घ्यावेत. आणि त्याला दाबायचे असेल तर एसआयआरएनए (ठरावीक आरएनए नष्ट करवणारा छोटा तुकडा) नेमका सांध्यावर बेतावा. एक्सॉनवर बेतला की त्याच जनुकाचा संदेशवाहकही खाली जातो आणि परिणाम कोणाचा ते कळत नाही.

रक्तातून मोजणाऱ्यांसाठी : रक्तबिंबिकांमध्ये (प्लेटलेटमध्ये) हे आरएनए भरपूर असतात. प्लाझ्मा दोनदा सेंट्रिफ्यूज करून त्या काढल्या नाहीत, तर मोजमाप मेंदूचे नसून बिंबिकांचे होते. हेपॅरिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) नळीही टाळावी, ते पीसीआर अडवते.

येऊरकर :
‘मायक्रोआरएनए स्पंज’ (जनुकांना दाबणारे छोटे मायक्रोआरएनए टिपून घेणारा) हा शब्द सगळीकडे दिसतो. तो तसाच घ्यावा?

पारसिक :
जपून. स्पंज शब्द रुजला तो सीडीआर१एएस या बिनटोकी आरएनएमुळे. २०१३ मध्ये त्याच्यावर मिर-७ या मायक्रोआरएनएला चिकटण्यासाठी साठहून अधिक जागा असल्याचे समोर आले. स्पंज असेल तर तो काढल्यावर मिर-७ मोकळा होऊन वाढायला हवा. २०१७ मध्ये उंदरांतून तो काढला, तर मेंदूतला मिर-७ उलट कमी झाला. म्हणजे हा रेणू टिपून घेण्यापेक्षा सांभाळून ठेवतो असे दिसते. तिथे ‘साठवण’ जवळचा शब्द ठरेल. बहुतेक बिनटोकी आरएनएवर अशा जागा मोजक्याच असतात.

स्ट्रोकच्या संदर्भात सर्क-एससीएमएच१ हा बिनटोकी आरएनए पाहा. रुग्णांच्या प्लाझ्मात तो कमी आढळला, आणि पेशीबाह्य पुटिकांतून (पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांतून) दिल्यावर उंदीर व माकडांची हालचाल सुधारली (२०२०). तो एमईसीपी२ या प्रथिनाला धरतो आणि त्या प्रथिनाने जनुकांवर ठेवलेला दाब सैल करतो. याला स्पंज म्हणणे चुकीचे होईल. ‘रक्षक आरएनए’ असे सरसकट नावही देऊ नका : उंदरांत सर्क-एचईसीटीडी१ हा दुसरा बिनटोकी आरएनए कमी केल्यावर मेंदूचा मेलेला भाग लहान राहिला.

खाडीकाठ :
आता प्लास्टिसिटी. लवचीक वस्तू वाकते आणि सोडली की मूळ रूपात येते, रबरासारखी. प्लास्टिक वस्तू नवे रूप धरून ठेवते, कुंभाराच्या मातीसारखी. स्ट्रोकनंतर मेंदू मूळ रूपात परतत नाही. उरलेल्या चेतापेशी नवे फाटे आणि नवे जोड तयार करतात. ‘लवचिकता’ने नेमका उलटा अर्थ पोचतो आणि घरच्यांना वाटते, आपोआप पूर्ववत होईल. ‘घडणक्षमता’ लिहा. घडवायला हात लागतो, म्हणजे व्यायामोपचार लागतो, हेही त्या शब्दातच येते.

पारसिक :
स्ट्रोकला ‘पक्षाघात’ लिहिताना, स्ट्रोकमध्ये अंग लुळे पडतेच असे नाही, अशी एक ओळ जोडा. ‘अंगावरून वारं गेलं’, ‘लकवा’, ‘अर्धांगवायू’ हे सगळे अंग लुळे पडण्याचे शब्द आहेत, म्हणजे परिणामाचे. फक्त बोलणे अडखळले किंवा दृष्टी गेली, तर या शब्दांमुळे कोणाला स्ट्रोकची शंका येणार नाही. गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, त्यामुळे इथे शब्दाची चूक महागात पडते. ‘रक्ताची गाठ’ही टाळा, गाठ म्हटले की लोक ट्यूमर समजतात. ‘गुठळी’ नेमका आहे.

येऊरकर :
शीर्षकात ‘वर्तुळाकार आरएनए’, कारण वाचक शोधेल तो हाच, आणि पहिल्याच वाक्यात ‘म्हणजे बिनटोकी’. ‘पेनम्ब्रा’साठी?

खाडीकाठ :
‘उपच्छाया’. मूळ शब्द ग्रहणातूनच आला आहे, आणि छायाकल्प चंद्रग्रहण आपल्या वाचकांना पंचांगातून माहीत असते. रक्त कमी पडल्याने गप्प झालेला, पण अजून जिवंत असलेला भाग, एवढे कंसात द्या.